थांबा म्हणणाऱ्या वरठा मॅडम

ऑपरेशन थिएटरात आवाज चढवायचा हक्क एकाच माणसाला असतो, सर्जनला. बाकी आम्ही सगळे हळू बोलतो, मान हलवतो, मागितलं ते हातात देतो. माझी अख्खी नोकरी यात गेली आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. मग वरठा मॅडम आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी हा रिवाज मोडीत काढला.

मी डहाणू रोडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात थिएटरची इनचार्ज सिस्टर. राहते सरावलीला, नवरा रेल्वेत. माझ्याबद्दल एवढं पुरे. सांगायचंय ते मॅडमबद्दल, आणि त्या आता नाहीत. असत्या तर हे लिहायची माझी छाती झाली नसती. एकेका वाक्यापाशी मला अडवून ‘कशावरून?’ म्हणाल्या असत्या.

‘कशावरून?’ हा त्यांच्या तोंडात बसलेला शब्द. राउंडला कोणी म्हणालं की पेशंट ठीक आहे, की यांचं आलंच. कशावरून ठीक आहे? बघून आलात का बोलून आलात? उजव्या हाताने पाणी प्यायला का डाव्या? कँटीनचा पोऱ्या चहा ताजा आहे म्हणाला तरी तेच. तो बापडा नंतर नंतर मॅडमना बघितलं की ताजा असो नसो, गुपचूप नवीन आधण ठेवायचा. मला सुरुवातीला या बाईचा असा राग यायचा म्हणून सांगू. दिवसभर उलटतपासणी कोण सहन करणार हो?

डॉ. जमना वरठा. तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरच्या वारली घरातल्या. आश्रमशाळेत शिकल्या, मुंबईत डॉक्टर झाल्या, मेंदूच्या तज्ज्ञ झाल्या, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात उमेदीची वर्षं काढली आणि केस पिकल्यावर गावी परतल्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, केस पोरासारखे बारीक कापलेले. लग्न केलं नाही. आमच्या एका नर्सने धीर करून विचारलं, मॅडम, का नाही केलं? तर म्हणाल्या, तू का केलंस ते आधी सांग. ती बिचारी अजून विचार करतेय.

तलासरीहून डहाणूला यायच्या त्या स्कूटरवरून. हायवेवर ट्रकांची रांग, आणि त्यांच्या मधून ही बाई, डोक्यावर हेल्मेट आणि पायाशी डबा. हेल्मेट थिएटरच्या दारापर्यंत डोक्यावरच असायचं. आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी कांतीभाई, चिकूचे मोठे व्यापारी आणि स्वभावाने मऊ माणूस, त्यांना एकदा म्हणाले की मॅडम, डॉक्टरने असं येणं बरं दिसत नाही. मॅडमनी विचारलं, डोकं फुटून आले तर बरं दिसेल का? कांतीभाई हसले.

आणि तो डबा. त्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. डॉक्टरांच्या खोलीत एसी लावून, खिडक्या बंद करून सगळे पोळी-भाजी खात असताना ह्या डबा उघडायच्या आणि खोली रिकामी व्हायची. भूल देणारे आमचे डॉक्टर शहा तर पक्के शाकाहारी, नाकाला रुमाल लावून पळायचे. मी एकदा मॅडमना सुचवलं की मागच्या व्हरांड्यात बसत जा ना. भाकरी मोडता मोडता त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आश्रमशाळेतून वर आले तेव्हापासून मला सगळे व्हरांडाच दाखवतायत. मी इथेच जेवणार. वास येतो तर येऊ दे." त्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत जेवायला लागले. खरं सांगू, चटणी फार फक्कड असायची.

आता त्यांचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मानेच्या दोन बाजूंनी दोन मोठ्या रक्तवाहिन्या वर मेंदूकडे जातात. म्हातारपणी, बिडी-तंबाखूने, बीपी-साखरेने एखादीत आतून चरबीचा गाळ साठतो. त्यातला कण सुटून वर गेला की माणसाचं तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, वाचा जाते. म्हणून मान उघडून ती नळी साफ करायची. मुंबईचे डॉ. सबनीस एक शनिवार सोडून आमच्याकडे येऊन ही ऑपरेशनं करायचे. हात सोन्याचा. पण साफ करताना नळीला वर-खाली चिमटे लावून तिचं रक्त बंद करावं लागतं, आणि तेवढा वेळ मेंदूचा तो अर्धा भाग दुसऱ्या बाजूने येणाऱ्या रक्तावर जगतो. मॅडम पेशंटच्या नातेवाइकांना सांगायच्या, पाटाचं पाणी बंद केलं तर शेजारच्या विहिरीवर तुमची वाडी तगेल का? तगेल कदाचित. नाही तगली तर कळणार कसं? माणूस तर भुलीत झोपलेला.

ते कळायला मॅडमचं मशीन. डोक्यावर छोट्या वाटीसारख्या चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या वायरी मशीनला जोडायच्या, की पडद्यावर मेंदूच्या लहरींच्या रेघा पळायला लागतात, डाव्या बाजूच्या वेगळ्या, उजव्या बाजूच्या वेगळ्या. रक्त कमी पडलं की त्या बाजूच्या रेघा सुस्तावतात. तेव्हा लगेच काही केलं तर मेंदू वाचतो. मशीन मॅडमचं स्वतःचं, मुंबईहून येताना विकत घेऊन आणलेलं. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. टेकलं की डोळा लागतो म्हणे. लोखंडी स्टूल घेतलं आणि पडद्यासमोर बसल्या.

आणि पहिल्याच ऑपरेशनला, सबनीस सर हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून, सुरी मागणार तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. "डॉक्टर, मी थांबा म्हटलं तर तुम्ही थांबणार का?"

सबनीस सरांना आयुष्यात असं कोणी विचारलं नसणार. ते म्हणाले, तुम्ही सांगा तर खरं, मग बघू. मॅडम म्हणाल्या, बघू नाही. हो की नाही ते आत्ता. मी खाली मान घालून हत्यारं मोजायला लागले. शेवटी सर हो म्हणाले, पण दात आवळून. तेव्हापासून प्रत्येक ऑपरेशनला हा प्रश्न आणि हे उत्तर ठरलेलं. सर कधी कधी कंटाळून आधीच हो म्हणायचे, तर मॅडम म्हणायच्या, मी अजून विचारलं नाहीये.

मला वाटायचं, या आग्रहामागे काहीतरी घडलेलं असणार. मुंबईत कोणी पेशंट डोळ्यांदेखत गेला असेल, किंवा घरचंच कोणी. एकदा जेवताना विचारलं. मॅडमनी भाकरीचा घास चावून संपवला आणि म्हणाल्या, "काही घडल्याशिवाय माणसाने शहाण्यासारखं वागू नये, असा नियम आहे का सिस्टर?" झालं. मी चटणी वाढून घेतली.

आता गंमत बघा. या कामाचं यश म्हणजे काही न होणं. ऑपरेशन झालं, पेशंट उठला, बोलला, घरी गेला. मॅडमनी मधे दोन-तीनदा थांबा म्हटलेलं, सरांनी कुरकुरत रक्त वर सोडायला तात्पुरती रबरी नळी घातलेली किंवा शहा डॉक्टरांनी बीपी वाढवलेलं. तेवढ्याने वाचला, की तसाही वाचला असता? कोण सांगणार? कांतीभाई व्यापारी माणूस. त्यांनी एकदा विचारलंच की मॅडम, ह्या मशीनने आत्तापर्यंत केलं शुं? मॅडम म्हणाल्या, तुमच्या वाडीला कुंपण आहे ना, त्याने आत्तापर्यंत काय केलं? कांतीभाईंना ते पटलं, पण सबनीस सरांना नाही. प्रत्येक केसला वायरी चिकटवण्यात वेळ जातो, बाई उगाच ओरडते, माझा हात बिचकतो, असं ते ट्रस्टला परत परत सांगायला लागले. तोही माणूस खोटं बोलत नव्हता. घाईत असला की त्याचा हात खरंच सुंदर चालायचा.

मग काशीमावशी आली.

काशीमावशी चिंचणीची. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचा लिलाव पुकारायची ती. असा लिलाव पुकारायला छाती लागते. पन्नास माणसांच्या गलक्यात आपला आकडा ऐकू जायला पाहिजे, कोण खोटं बोलतंय ते तोंडावर सांगायला पाहिजे, आणि कोणी शिवी दिली तर तिच्यापेक्षा मोठी परत करायला पाहिजे. मावशीचा आवाज म्हणे अर्ध्या गावात ऐकू यायचा. आणि एक दिवस ऐन लिलावात, भाव चढत असताना, तिचं तोंड उघडं राहिलं आणि शब्द बाहेर येईना. लोकांना वाटलं, म्हातारी भाव वाढवायला नाटक करते. थोड्या वेळाने वाचा परत आली. पुढच्या खेपेला वाचेबरोबर उजव्या हातातली पाटी पण गळून पडली, तेव्हा घरचे घाबरून घेऊन आले. डावीकडची नळी जवळजवळ बंद, आणि उजवीकडची पण काही फार धड नाही.

मॅडमनी तिला सगळं समजावलं. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गळा काप, बाय, पण आवाज ठेव. आवाज गेला तर मी काय घरात माशा मारत बसू?"

मॅडम म्हणाल्या, आवाजासाठीच बसणार आहे मी तिथे. मावशीने त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. तिला काही फारसा भरवसा वाटला नसावा.

मॅडमची एक रीत होती. चकत्या चिकटायला केस कोरडे आणि तेलाशिवाय लागतात. ते काम कोणीही नर्स करील, पण मॅडम आदल्या संध्याकाळी स्वतः पेशंटचे केस धुवायच्या. न्हाणीत पाटावर बसवून, शांपूची पुडी फोडून, अगदी आईसारखं. केस धुता धुता त्याला बोलतं करायच्या. त्याचा शब्द कसा उठतो, कुठे अडखळतो, कोणता हात आधी पुढे येतो, ते त्यांना उद्यासाठी माहीत हवं असायचं. मावशीने त्या संध्याकाळी न्हाणी डोक्यावर घेतली. पाणी गरम आहे, पाणी थंड आहे, साबण डोळ्यांत गेला, तुला आईने केस धुवायला शिकवलं नाय काय. मॅडम बाहेर आल्या त्या भिजलेल्या आणि खूश. जाताना घरच्यांना बजावून गेल्या, आता डोक्याला तेल लावायचं नाही.

आणि सकाळी मी वॉर्डात जाऊन बघते तर काय? मावशी खोबरेल तेलाने चोपडलेली, घट्ट अंबाडा, त्यावर आबोलीची वेणी. भल्या पहाटे नणंद आली होती. मी कपाळावर हात मारला. नणंद उलट माझ्यावरच चढली. कोरडे मोकळे केस सुतकात सोडतात, म्हणाली. बाईमाणूस एवढ्या मोठ्या कामाला निघालंय आणि तुम्ही तिला तशी पाठवता? तिच्या परीने तिने चांगलंच केलं होतं, आणि खरं म्हणजे मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

मॅडमनी बाही वर केली आणि मला म्हणाल्या, बादली आणा. परत सगळं पहिल्यापासून. इकडे सबनीस सर तयार होऊन उभे, संध्याकाळपर्यंत त्यांना मुंबई गाठायची होती. ते दोनदा दाराशी येऊन गेले. मग कांतीभाई आले. म्हणाले, मॅडम, आजच्या दिवस वायरी राहू द्या, सरांचा हात चांगला आहे. मॅडमच्या हाताला फेस, समोर मावशी डोळे मिटून बसलेली. मॅडम मागे वळल्याही नाहीत. म्हणाल्या, तर मग आजच्या दिवस ऑपरेशन पण राहू द्या. कांतीभाई गेले. पण तेल एवढं मुरलं होतं की दोनदा धुऊनही काही जागी चकत्या नीट बसेनात. मॅडमनी स्पिरिट लावलं, बोळ्याने घासलं, जिद्दीने एकेक चकती बसवली. शहा डॉक्टरांनी भूल दिली, ठरलेला प्रश्न झाला, सरांनी हो म्हटलं आणि सुरी मागितली.

सुरुवातीला सगळं सुरळीत. चिमटे लागले, मॅडम म्हणाल्या रेघा जागेवर आहेत. सरांनी रक्तवाहिनी उघडली, गाळ सोलून काढायला लागले. माझं लक्ष त्यांच्या हातावर. आणि मागून आवाज आला, थांबा.

सर थांबले नाहीत. काय झालं, एवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या डाव्या बाजूच्या रेघा पडतायत. शहा डॉक्टरांनी लगेच बीपी वाढवायचं औषध सुरू केलं. रेघा थोड्या हलल्या आणि परत बसल्या. मॅडम परत म्हणाल्या, थांबा, नळी घाला. नळी म्हणजे उघडलेल्या रक्तवाहिनीत तात्पुरती रबरी नळी बसवून तिच्यातून रक्त वर सोडायचं. ती घालतानाच एखादा कण सुटून वर जायची भीती असते, म्हणून सर ती टाळायचे. ते म्हणाले, तेल आहे मॅडम. तुमच्या चकत्या सुटल्यात. सकाळपासून आपण तेच बघतोय.

आणि मला, खरं सांगते, सरांचंच पटलं. तेल धुताना बादली घेऊन मीच उभी होते ना. चकत्या कशा घसरत होत्या ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मॅडम स्टुलावरून उठल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला. म्हणाल्या, "चकती सुटली तर एक रेघ बिघडते आणि ती वेडीवाकडी नाचते. ह्या नाचत नाहीत, झोपतायत. डाव्या सगळ्या झोपतायत, उजव्या जाग्या आहेत. भुलीने असतं तर दोन्ही झोपल्या असत्या. तुम्ही हो म्हणालात डॉक्टर. थांबा."

सरांचा हात हवेत राहिला. मास्कवरून नुसते डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांत राग होता, पण रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, नळी. मी दिली. त्यांनी ती इतक्या हळुवार बसवली की मला त्या माणसाबद्दल तेव्हा फार आदर वाटला. रक्त वर गेलं. मॅडम पडद्याकडे बघत उभ्याच होत्या. बऱ्याच वेळाने त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, येतायत.

ऑपरेशन संपलं, मावशी शुद्धीवर यायला लागली. आम्ही सगळे भोवती. सरांनी हाक मारली, मावशी, नाव सांगा. मावशी छताकडे बघत राहिली. परत विचारलं. परत काही नाही. तिचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. मॅडमचा चेहरा असा झालेला मी आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. त्यांनी मावशीचा उजवा हात धरला आणि म्हणाल्या, दाब. मावशीने दाबला. मग तिने मान जराशी वळवली, डावा हात डोक्याकडे नेला, चाचपलं आणि बसक्या आवाजात म्हणाली, "माझा अंबाडा कोणी सोडला?"

माझा जीव भांड्यात पडला. शहा डॉक्टर तर चक्क रडले. सबनीस सर मात्र तिथून बाहेर पडले आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसले. मॅडम आत गेल्या, पाठोपाठ मी चहा घेऊन. सर म्हणाले, नळी घातली नसती तरी ती बोलली असती. मॅडम म्हणाल्या, कशावरून? सर म्हणाले, आणि नसती बोलली हे तुम्ही कशावरून म्हणता? मला वाटलं आता या पेटणार. पण मॅडमनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी तसं म्हणतच नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. म्हणून थांबायचं." सर चहा न घेता निघून गेले.

आठवडाभरात ट्रस्टची मीटिंग झाली. चहा-बिस्किटं द्यायला मी होते म्हणून ऐकलं. सरांनी निरोप पाठवला होता की थिएटरात दोन सर्जन असू शकत नाहीत. कांतीभाईंना भांडण नको होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. मॅडमनी मशीन लावावं, बघावं, काही वाटलं तर हळूच शहा डॉक्टरांच्या कानात सांगावं. थांबा मात्र म्हणू नये. त्यात तुमचा मान राहील आणि त्यांचाही, असं ते अगदी मनापासून म्हणाले.

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझी आजी मालकाच्या शेतावर वेठीला होती. अंगात ताप असला तरी तिला थांबा म्हणायची सोय नव्हती. माझी आई म्हणाली आणि तिने मार खाल्ला, पण म्हणाली. तिसऱ्या पिढीला मी डॉक्टर झाले, आणि तुम्ही मला सांगता, कानात सांग. मी रेघा बघायला येत नाही, कांतीभाई. थांबा म्हणायला येते. ज्या खोलीत ते म्हणता येत नाही तिथे माझं काम नाही."

मॅडम थिएटरात गेल्या, मशीनच्या वायरी काढून गुंडाळल्या, पत्र्याच्या पेटीत भरल्या. पेटी जड होती. एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी. सगळा स्टाफ बघत होता आणि कांतीभाईही बघत होते, तरी मी धरली. रिक्षात पेटी ठेवून त्या स्कूटरवर बसल्या, हेल्मेट घातलं आणि रिक्षाच्या मागे मागे गेल्या.

पुढच्या पाळीच्या शनिवारी सबनीस सर आले. पेशंट घोलवडच्या चिकूच्या वखारीत पॅकिंग करणारा माणूस, त्याचीही डावीच बाजू. वायरी नाहीत, प्रश्न नाही, सगळं वेळेवर. मी ट्रॉली पुढे घेतली. सर हात वर धरून उभे राहिले. सुरी मागेनात. मी त्यांच्याकडे बघतेय, शहा डॉक्टर बघतायत. सर कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाले की मला कोणी विचारलं नाही. मग अगदी साध्या माणसासारखं म्हणाले, "मला भीती वाटते, सिस्टर. ती नसली की माझा हात पळतो. तिला बोलवा."

मी फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कांतीभाईंना द्या. कांतीभाई फोन धरून व्हरांड्यात गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण परत आले ते घाम पुसत आणि हसत, आणि म्हणाले, मॅडम आवे छे. पेशंटला परत वॉर्डात नेलं, त्याला चहा दिला, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी केलं. सर मुंबईला न जाता डहाणूतच राहिले. त्यानंतर मॅडम शेवटपर्यंत आमच्याकडे होत्या. सर आणि त्या कधी एका टेबलावर जेवले नाहीत, पण थिएटरात त्यांचं भांडण ऐकायला मला मजा वाटायची.

मागच्या वर्षी मॅडमना कावीळ झाली आणि बघता बघता त्या गेल्या. त्याच्या थोडे दिवस आधी, अजून धडधाकट होत्या तेव्हा, एका रविवारी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून चिंचणीला गेले. त्यांना ताजा पापलेट हवा होता. किनाऱ्यावर होड्या लागलेल्या, गर्दी, आणि गर्दीच्या मधून येणारा आवाज मी स्कूटरवरूनच ओळखला. काशीमावशी पाटीवर पाय ठेवून उभी होती. मानेवरचा व्रण उन्हात चकाकत होता.

मॅडम पुढे गेल्या आणि पाटीतल्या एकेक माशाचे कल्ले उचकटून बघायला लागल्या. एक, दुसरा, तिसरा, घेत मात्र काही नाहीत. मावशीने लिलाव अर्ध्यावर सोडला आणि मॅडमकडे वळली. ओळख पटली, पण त्याने तिला आणखी जोरच चढला. ए डॉक्टरीण, मासळी बघतेस का तिचं ऑपरेशन करतेस? घ्यायची नाय तर हात काढ. मग लोकांकडे वळून म्हणाली, बघा, ही ती. माझी मान त्या मुंबईवाल्याने कापली, बिचाऱ्याने केवढी मेहनत घेतली, आणि ही तिथं कोपऱ्यात स्टुलावर बसून होती. माझे चांगले केस दोनदा धुऊन वाट लावली, तेवढंच हिचं काम. लोक हसायला लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं, मावशी, तुला काय माहीत, एवढं म्हणाले असेन. मॅडमनी मागच्या मागे माझं मनगट घट्ट धरलं.

"बोलू दे तिला," त्या म्हणाल्या.

त्यांनी माशावरून हात काढला नव्हता. जाड भिंगांमागे डोळे भरले होते आणि त्या मावशीच्या तोंडाकडे बघत होत्या. मावशीचा एकेक शब्द स्वच्छ येत होता, कुठे अडखळत नव्हता. काशीमावशी बोलत राहिली.